बिल योजना भरेल, घर कोण चालवणार?

घरातल्या कोणाला कॅन्सर असल्याचं कळलं की पहिल्या दोन दिवसांत तीन गोष्टी घडतात. कोणीतरी सोनं मोडायची भाषा करतं, कोणीतरी ओळखीच्या डॉक्टरला फोन लावतं आणि एखादा उत्साही भाचा रुग्णाचा फोटो, तपासणीचे कागद आणि क्यूआर कोड जोडून व्हॉट्सअ‍ॅपवर मदतीचं आवाहन टाकून मोकळा होतो. यातली शेवटची गोष्ट थोडी थांबवा. मदत जरूर मागा, त्यात लाज कसली? पण किती लागणार, कशासाठी आणि किती महिने, हे ठाऊक नसताना मागितलेली मदत पहिल्या पंधरवड्यात येते आणि तिथेच आटते. उपचार मात्र चालूच राहतात.

किती काळ चालतात याचा अंदाज बहुतेकांना नसतो. तोंडाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर रेडिएशन लागलं तर आठवड्यातले पाच दिवस, साधारण सहा आठवडे हॉस्पिटलची वारी असते. स्तनाच्या कॅन्सरच्या हर-टू पॉझिटिव्ह प्रकारात ट्रॅस्टुझुमॅबची इंजेक्शनं दर तीन आठवड्यांनी, बहुधा वर्षभर द्यावी लागतात. लहान मुलांमधल्या एएलएल या रक्ताच्या कॅन्सरचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न ‘खर्च किती?’ हा न विचारता ‘उपचारांचे टप्पे कोणते आणि प्रत्येक टप्पा किती दिवसांचा?’ असा विचारा. उत्तर कागदावर लिहून घ्या. पुढचं सगळं गणित या कागदावरून मांडायचं आहे.

आधी सरकारचे पैसे

लोकांच्या खिशात हात घालण्याआधी जे हक्काचं आहे ते घ्यावं, हा साधा न्याय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि तिच्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पूर्वी ही मर्यादा दीड लाखाची होती आणि पांढऱ्या रेशनकार्डवाले बाहेर होते. २०२३च्या निर्णयानंतर दोन्ही बदललं. तरीही ‘आपलं पांढरं कार्ड, आपल्याला काही मिळत नाही’ असं म्हणणारे अजून भेटतात. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, तो सापडला नाही तर १५५३८८ या क्रमांकावर विचारा. गोव्यातल्या वाचकांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे.

इथे एक खाचखळगा आहे आणि त्यात शिकलेली माणसंसुद्धा पडतात. योजनेची मंजुरी उपचार सुरू होण्याआधी घ्यायची असते. योजनेत नसलेल्या खासगी हॉस्पिटलात घाईने भरती व्हायचं, दोन लाख हातउसने घेऊन भरायचे आणि मग आरोग्यमित्राला शोधायचं, अशा क्रमाने गेलात तर ते दोन लाख गेले म्हणून समजा. तुकडा तपासायला दिला असेल तर अहवाल येईपर्यंतच्या दिवसांत रेशनकार्ड, आधार, नावातल्या चुका, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला ही कामं उरकून घ्या. आधारवर ‘सुमन’ आणि रेशनकार्डावर ‘सुमनबाई’ एवढ्या फरकापायीही फाइल अडते.

ज्यांचा आजार किंवा औषध योजनेत बसत नाही त्यांना मुख्यमंत्री सहायता निधीचा रस्ता आहे. तिथे उत्पन्नाचा दाखला लागतो, हॉस्पिटलचं खर्चाचं पत्रक लागतं आणि पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातात. धर्मादाय रुग्णालयांबद्दल तर आपल्याकडे कमालीचं अज्ञान आहे. विश्वस्त संस्थेच्या नावाने चालणाऱ्या कितीतरी चकचकीत हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. काउंटरवरचा माणूस हे आपणहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका, समाजसेवा अधिकाऱ्याचं टेबल कुठे आहे ते विचारा. बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांत हे टेबल असतं. परळच्या टाटा हॉस्पिटलात तर वैद्यकीय समाजसेवेचा स्वतंत्र विभाग आहे. कोणत्या ट्रस्टचा फॉर्म भरावा, कोणती औषध कंपनी सवलतीची योजना चालवते, मुलांसाठी वेगळा निधी कुठे आहे, हे त्या टेबलामागच्या माणसाला जितकं ठाऊक असतं तितकं गावच्या पुढाऱ्याला नसतं. इंडियन कॅन्सर सोसायटी, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन यांसारख्या जुन्या संस्थांकडे जायची वाटही बहुधा तिथूनच निघते.

नोकरदार असाल तर आणखी एक. पगारातून ईएसआयची कपात होत असेल तर कॅन्सर हा त्यांच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे आणि ठरलेल्या अटी पुऱ्या होत असतील तर पगाराच्या ८० टक्के इतकी रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांना हे कोणी सांगत नाही.

मग लोकांनी द्यायचं कशासाठी?

इतकं सगळं जमलं की वाटतं, आता पैशांची गरज उरली नाही. खरी गरज इथून सुरू होते. योजना ऑपरेशनचं, केमोचं, रेडिएशनचं बिल भरते. ती खोलीचं भाडं भरत नाही. सोबतीला आलेल्या मुलाचा खाडा पडतो, तो भरून देत नाही. निदान होण्याआधी खासगीत केलेली पेट-सीटी, फाइल निघेपर्यंतच्या चकरा, घरी राहिलेल्या दोन पोरांचा किराणा, शाळेची फी, गोठ्यातल्या म्हशीची पेंड यातलं काहीही कुठल्याच सरकारी पोर्टलवर दिसत नाही. उपचार फुकट मिळूनही मध्येच सोडून गावी परतणारी कुटुंबं असतात. मुंबईत टिकून राहायची ऐपत संपलेली असते.

माझं मत असं, की गावाने, आळीने, वर्गमित्रांनी, मंडळाने आपले पैसे हॉस्पिटलच्या बिलात ओतण्याआधी या बाजूला लावावेत. पाच लाखांच्या बिलासमोर आपली ४० हजारांची वर्गणी म्हणजे समुद्रात खसखस. तेच ४० हजार एखाद्या कुटुंबाला मुंबईत दोन-तीन महिने उभं ठेवतात.

त्यातही पैशांआधी वाचवायच्या गोष्टी आहेत. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांचे दरवाजे ठोठवा. कॅन्सर झालेल्या लहान मुलांच्या कुटुंबांना सेंट ज्यूड्सच्या केंद्रांत उपचारांच्या काळात विनामूल्य राहता येतं, मात्र तिथे हॉस्पिटलच्या शिफारशीने जावं लागतं. जागा लगेच मिळेलच असं नाही, म्हणून निघायच्या आधी चौकशी करणारा एक माणूस मुंबईत हवा. कोकणातल्या वाडीवाडीचं मुंबईत मंडळ असतं, चाकरमानी असतात. घाटावरच्या गावांचीही दादर-परळ-नवी मुंबईत पोरं असतातच. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारांसाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री टायर एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबत्याला त्यात ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी हॉस्पिटलच्या सही-शिक्क्याचा ठरावीक फॉर्म लागतो. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांच्या डब्यातून कॅन्सर रुग्णाला प्रवास करता येतो. सकाळी साडेआठला कल्याणहून परळला केमोसाठी निघालेल्या बाईला याचं मोल किती, हे त्या वेळी त्या गाडीत चढून पाहिलेल्यालाच कळेल.

पैशांचा कारभार घरच्यांकडे नको

आवाहन कोणी करावं? शक्यतो घरच्यांनी नाही. नवऱ्याने बायकोसाठी हात पसरायचे, मग कोणी किती दिले हे लक्षात ठेवायचं, लग्नकार्यात समोर आल्यावर ओशाळायचं, हे ओझं त्याच्यावर टाकू नका. घराबाहेरची पण घरोब्यातली दोन-तीन माणसं पुढे व्हावीत. एक हिशेबाला पक्का: पतपेढीतला कारकून, निवृत्त शिक्षक, बचत गटाची अध्यक्ष असा. एक फोनवर बोलणारा. आणि एक हॉस्पिटलात रांगेत उभा राहू शकेल असा तरणा पोरगा किंवा पोरगी. बचत गटाच्या बायका यात पुरुषांच्या समित्यांपेक्षा सरस ठरतात. दर महिन्याला दहा-दहा रुपयांचा हिशेब भर बैठकीत मांडायची त्यांना सवय असते.

खातं वेगळं उघडा, रुग्णाच्या घरातल्या व्यक्तीच्या नावावर. कार्यकर्त्याच्या पगाराच्या खात्यात वर्गणी घेऊ नका. शेकडो अनोळखी लोकांकडून यूपीआयने पैसे येतात आणि त्यातल्या एखाद्या रकमेवर सायबर तक्रार निघाली तर बँक खातं गोठवू शकते. मग त्याचा पगारही अडकतो आणि केमोचे पैसेही. शिवाय आयकराचं एक कलम ध्यानात ठेवा: ठरलेले जवळचे नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात ५० हजारांहून जास्त रक्कम भेट म्हणून आली तर ती करपात्र ठरू शकते. रक्कम मोठी होणार असेल तर एखाद्या सीएशी दहा मिनिटं बोला, किंवा मोठ्या देणगीदारांना रुग्णाचा केस नंबर घालून थेट हॉस्पिटलात भरायला सांगा. परदेशातला भाऊ किंवा भाची आपल्या घरच्या माणसाला पाठवते ते सरळ असतं. तिकडच्या मंडळाने किंवा परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मित्रांनी इथल्या एखाद्या संस्थेला पाठवायचं म्हटलं की त्या संस्थेकडे परकीय देणगीची परवानगी आहे का, ते आधी पाहावं लागतं.

एक वही करा. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, प्रत्येक खर्चाची पावती मागच्या पानाला टाचलेली. दर महिन्याच्या पाच तारखेला त्या पानाचा फोटो गटावर टाका. नावांपुढे रकमा दाखवायच्या नाहीत, हे मात्र पहिल्याच दिवशी ठरवा. पाच हजारवाल्याच्या खाली शंभरवाल्याचं नाव आलं की तो पुढच्या महिन्यात देत नाही.

मेसेज कसा लिहावा

बहुतेक आवाहनं ‘एका गरीब कुटुंबावर दुःखाचा डोंगर’पासून सुरू होतात आणि ‘फूल ना फुलाची पाकळी’वर संपतात. मधे किती हवेत ते नसतंच. वाचणाऱ्याला वाईट वाटतं, तो हात जोडल्याचं चिन्ह टाकतो आणि पुढे सरकतो. आता हा नमुना पाहा:

‘आपल्या दहावीच्या वर्गातल्या मित्राच्या आईवर परळला उपचार सुरू आहेत. हॉस्पिटलचा खर्च योजनेतून मंजूर झाला आहे. जून ते नोव्हेंबर दोघांना मुंबईत राहावं लागेल, मित्राचं काम बंद राहील. खोली, जेवण, प्रवास आणि गावाकडचा किराणा मिळून महिन्याला १८ हजार लागतील. आपण गटात ३६ जण आहोत. प्रत्येकी महिन्याला ५००, सहा महिने. ज्याला जमणार नाही त्याने मला एकट्याला सांगावं, कारण विचारणार नाही. हिशेब दर पाच तारखेला. हा मेसेज गटाबाहेर पाठवू नये. नोव्हेंबरनंतर वर्गणी बंद.’

यात रडारड नाही. आकडा आहे, मुदत आहे आणि न देणाऱ्यालाही तोंड लपवावं लागत नाही. एकदम ३ हजार मागितले असते तर निम्म्यांनी ‘बघतो’ म्हटलं असतं. ५०० दर महिन्याला गेले तर कोणाला जाणवत नाहीत आणि पाचव्या महिन्यातही पैसे येत राहतात. लग्नातल्या आहेरापेक्षा आपल्याकडची भिशी इथे जास्त उपयोगी पडते.

आवाहन जाहीर करायचंच असेल तर त्यावर तारीख, मुदत, खात्री करून घेण्यासाठी दोन माणसांचे नंबर आणि हॉस्पिटलचं नाव हवं. क्यूआर कोड बदलून तोच मेसेज फिरवणारे भामटे असतात, त्यामुळे कोडखाली खातेदाराचं नाव लिहा आणि ‘नाव जुळलं नाही तर पैसे पाठवू नका’ असंही लिहा. बारा-पंधरा वर्षांपासून चालणारी वर्गणीची ऑनलाइन व्यासपीठं आहेत. महागडं औषध योजनेत बसत नसेल आणि रक्कम आपल्या ओळखीपाळखीच्या पल्ल्याबाहेरची असेल तेव्हा त्यांचा उपयोग होतो. पण ती किती टक्के कापतात, जाहिरातीवर जमलेल्या रकमेतला किती भाग खर्च करतात आणि पैसे हॉस्पिटलला देतात की खात्यात, हे तीन प्रश्न लेखी विचारल्याशिवाय सही करू नका.

आणि तो फोटो. केस गेलेल्या, नळ्या लावलेल्या माणसाचा फोटो टाकला की जास्त पैसे जमतात, हे खरं असेलही. पण तो फोटो पुढची दहा वर्षं कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलमध्ये राहणार, आणि फोटोतली मुलगी बरी होऊन कॉलेजला जाईल तेव्हा तिच्या वर्गातही पोचणार. रुग्णाला विचारा: कोणाला सांगायचं, किती सांगायचं, फोटो द्यायचा का? ‘तिला कशाला विचारायचं, ती आजारी आहे’ असं म्हणणाऱ्याला समितीत घेऊ नका. आजाराचा अवयव कोणता, हेही सांगायची गरज नसते. ‘कॅन्सरचे उपचार’ एवढं पुरतं.

ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांना काम द्या

‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्यांची संख्या कमी नसते. सांगत मात्र कोणी नाही. कारण काय सांगायचं हे रुग्णाच्या घरच्यांना त्या वेळी सुचत नाही. म्हणून यादी तुम्ही करा आणि नावं घाला. मंगळवारी केमोला सोबत कोण? पोरांना शाळेतून आणायचं कोणी? तहसील कचेरीत दाखल्यासाठी कोण जाणार? सोयाबीन काढायच्या आठवड्यात शेतावर कोण?

रक्ताचं उदाहरण घ्या. रक्त लागणार म्हटलं की गणेश मंडळाची चाळीस पोरं एका दिवशी गाडी करून येतात. मन मोठं, पण हिशेब चुकतो. प्लेटलेट्स साधारण पाचच दिवस टिकतात. पुरुषाने एकदा रक्त दिलं की पुढचे ९० दिवस आणि स्त्रीने दिलं की १२० दिवस पुन्हा देता येत नाही. एकाच दिवशी सगळे देऊन बसले की पुढच्या महिन्यात प्लेटलेट्स उतरल्यावर कोणाला बोलावणार? रक्तगटानुसार नावं लिहा, दर आठवड्याला तीन-चार जण ‘राखीव’ ठेवा आणि बाकीच्यांना थांबायला सांगा. मशीनवर फक्त प्लेटलेट देणारा दाता त्या मानाने लवकर पुन्हा देऊ शकतो, अशी माणसं वेगळी नोंदवा. रक्तपेढीतला तंत्रज्ञ सांगेल त्या दिवशीच पाठवा.

डब्याचंही तसंच. केमोनंतरच्या दिवसांत मसाल्याच्या फोडणीच्या नुसत्या वासानेही मळमळतं. शेजारणीने प्रेमाने पाठवलेलं वांग्याचं भरीत उघड्या डब्यातून घरभर दरवळतं आणि रुग्ण उठून दुसऱ्या खोलीत जातो. त्यापेक्षा वाटीभर मऊ मुगाची खिचडी किंवा साधा दहीभात पाठवा. मात्र पांढऱ्या पेशी खाली आल्या असतील तर कच्च्या कोशिंबिरी, कापून ठेवलेली फळं, बाहेरची लस्सी नको म्हणतात. दही चालेल का, हेसुद्धा आहारतज्ज्ञाला विचारून घ्या. तोंडाला रेडिएशन चालू असेल तर तिखटाचा कणसुद्धा झोंबतो. रुग्णासाठी वेगळं आणि घरच्यांसाठी पोटभर, असे दोन डबे पाठवलेत तर उत्तम. घरच्यांच्या जेवणाकडे कोणाचं लक्ष नसतं.

भेटायला येणाऱ्यांचीही व्यवस्था लावावी लागते. सर्दी-खोकला असलेल्याने येऊ नये, हे फोनवरच सांगा. आणि जो येईल तो एक तरी वैद्य सांगून जातो: अमुक गावात पाला देतात, तमुक बाबा गाठ विरघळवतात, केमोने माणूस लवकर जातो. ही मंडळी वाईट नसतात. पण केमोच्या दोन फेऱ्या चुकल्या तर भरून निघत नाहीत. समितीतल्या फोनवाल्या माणसाने अशा सल्ल्यांचं स्वागत करावं, ‘डॉक्टरांना विचारतो’ म्हणावं आणि ते रुग्णाच्या कानापर्यंत जाऊ देऊ नयेत. घरच्यांनी पाहुण्याला तोडून बोलण्यापेक्षा हे सोपं पडतं.

चौथ्या महिन्यानंतर

पहिल्या महिन्यात फोन थांबत नाहीत. चौथ्या महिन्यात रुग्णाच्या बायकोला कोणी फोन करत नाही, आणि नेमकी तेव्हाच खोलीची अनामत संपलेली असते, उसनवारीवाले मागायला लागलेले असतात. त्यासाठी समितीने सुरुवातीलाच जमलेल्या पैशांचा किमान तिसरा हिस्सा बाजूला काढून ठेवावा आणि घरच्यांनी मागितला तरी टप्पा येईपर्यंत देऊ नये. हे कठोर वाटेल, दोन-तीन माणसं नाराजही होतील. देणाऱ्यांपैकी निम्म्यांना सुरुवातीला आणि निम्म्यांना चौथ्या महिन्यापासून वर्गणी द्यायला सांगणं हाही चांगला मार्ग आहे.

उपचार संपले तरी खर्च संपत नाही. पहिली काही वर्षं दर थोड्या महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. प्रवास, एक रात्र राहणं, स्कॅन. ही रक्कम खात्यात ठेवून मगच वर्गणी बंद करा. आणि रक्कम उरली तर काय करायचं, ते पहिल्याच मेसेजमध्ये लिहा: कुटुंबाचं उपचारांपायी झालेलं कर्ज फेडायचं, की त्याच वॉर्डातल्या दुसऱ्या रुग्णाला समाजसेवा विभागामार्फत द्यायची. रुग्ण वाचला नाही तर हा प्रश्न तेराव्याच्या आधीच उभा राहतो आणि तेव्हा त्यावर बोलणं सगळ्यांनाच जड जातं. मेसेजमध्ये लिहिलेलं असलं की हिशेब ठेवणाऱ्याने वही घेऊन जायची, शिल्लक दाखवायची, घरातल्या दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि शेवटच्या पानाचा फोटो गटावर टाकायचा.